गिरजाआत्याचं मत

आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि त्यांच्या चौपट मोठं मेंढरांचं वाडगं. चौसाळ्याच्या फाट्यावरून आत वळलं की दीड तास पायी चालावं लागे. वस्ती लागायच्या आधीच वाऱ्यावर ओल्या लोकरीचा वास यायचा आणि आपण घरी आलो हे नाकाला आधी कळायचं. पहाटे मेंढरं माणसांसारखी खोकत. त्या खोकण्यात आत्याचा जात्यावर हुलगे भरडल्यासारखा कोरडा आवाज मिसळलेला असे, कारण ती उठली की आधी मेंढरांशी बोलायची, मग चुलीशी, आणि शेवटी माझ्याशी. हुलग्याचं माडगं ती जर्मनच्या पातेल्यात घोटायची. त्यात मीठ आणि ठेचलेला लसूण, बाकी काही नाही. वाटी हातात देताना म्हणायची, "पी. वर्गात झोप लागली तर मास्तर मला दोष देईल, तुला न्हाई."

दिवाळी झाली की बा आणि माय मेंढरं घेऊन गोदाकाठाकडं जात, ते उन्हाळा संपता संपता परत येत. त्यामुळं मला वाढवलं ते आत्यानंच. गिरजाआत्या बाची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत सासरच्यांनी तिला परत आणून सोडलं होतं, आणि त्याबद्दल तिच्या तोंडून मी कधी एक शब्द ऐकला नाही. मी चौथीत असताना बा म्हणाला होता, आता पोरीला मेंढरांमागं न्यावं, एक हात वाढेल. आत्या तेव्हा लोकर पिंजत होती. तिनं वर न बघता सांगितलं, "हिच्या हाती काठी द्यायची न्हाई. काठी धरणारे आपल्यात लई हायेत." विषय तिथं संपला. माझं सगळं शिक्षण त्या एका वाक्यावर उभं आहे, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते तेव्हा त्यांना ते भाषण वाटतं.

दुसऱ्या एका माणसाचंही नाव इथं घ्यायला हवं, कारण त्याचे उपकार मी आजही नाकारत नाही. गावात त्यांना सगळे नाना म्हणत. मोठी बागायत, खताचं दुकान, आणि ग्रामपंचायत किती वर्षं त्यांच्या घरात होती ते कुणी मोजत नसे. बारावी झाल्यावर मला अंबाजोगाईच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, पण वसतिगृहात जागा मिळेना. आत्या स्वतः कातलेल्या लोकरीचं घोंगडं काखेत मारून नानांच्या दुकानावर गेली. नानांनी घोंगडं घेतलं, हातानं चाचपून बघितलं, चांगलं आहे म्हणाले, आणि एक चिठ्ठी लिहून दिली. चौथ्या दिवशी मला खाट मिळाली. परतताना आत्या मला म्हणाली, "ह्या माणसाचं मीठ इसरू नको." मी विसरले नाही. पुढं जे झालं ते बरंचसं त्या न विसरण्यातूनच झालं.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला राज्यशास्त्र हा माझा मुख्य विषय होता. त्या वर्षी आमच्या ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. सुट्टीत घरी आले तर नानांचा निरोप, पोरीला दुकानावर पाठव. दुकानाच्या मागच्या खोलीत युरियाच्या गोण्यांना टेकून टेबल लावलं होतं आणि त्यावर मतदारयादी. नाना म्हणाले, "सुमे, तुझं अक्षर चांगलंय. आपल्या वॉर्डाची सुटसुटीत यादी करून दे. कोण आपलं, कोण त्यांचं, कोण कुंपणावर. आन कोण गावात न्हाई, ते कुठं हाय, येणार का न्हाई." सोबत दिगूदादाला दिलं. दिगंबर आमच्या भावकीतला, नानांच्या गाड्या आणि माणसं बघायचा. तो घरोघर हिंडून सांगणार आणि मी लिहिणार.

खरं सांगायचं तर त्या कामात मी फुलून गेले होते. गावातली मोठी माणसं माझ्या वहीकडं वाकून बघत होती. मी रेघा आखल्या, शेऱ्यासाठी शेवटचा रकाना ठेवला, आणि त्यात नेमकं लिहीत गेले. 'कारखान्यावर, पूर्ण कुटुंब.' 'पुण्याला मुलाकडे, फोन केल्यास येईल.' 'बाळंतपणासाठी माहेरी.' दिगूदादा म्हणायचा, "लई बारीक लिहिती बे ही, सरकारी माणसापेक्षा भारी." लोकांनी मत द्यावं म्हणून त्यांना शोधून काढणं हे मला तेव्हा चांगलं काम वाटत होतं, आणि अजूनही सगळंच वाईट होतं असं म्हणवत नाही. ऊसतोडीला गेलेल्या माणसाला गाडी पाठवल्याशिवाय तो मतदानाला येऊच शकत नाही. त्याची मजुरी बुडते, मुकादम सोडत नाही. गाडी पाठवणाऱ्यानं मत विचारलं नाही तर ते पुण्यच. पण गाडी पाठवणारा कधी काही विचारत नाही असं मी पाहिलेलं नाही. गाडीत बसलेल्या माणसालाच ते कळलेलं असतं.

मतदानाच्या पंधरा दिवस आधी वस्तीवरच्या खंडोबापुढं भंडार उचलणं झालं. आमच्याकडं ही जुनी रीत. ताटात हळदीचा भंडार आणि बेलाची पानं ठेवायची. ज्यानं मुठीत भंडार घेऊन शब्द दिला, त्यानं तो पाळायचा, न पाळला तर देव घरातल्या माणसांना आणि जितराबाला बघून घेतो. कुणी जबरदस्ती करत नाही. ताट फक्त फिरवत समोर येतं आणि सगळी वस्ती बघत असते. दिगूदादानं ताट आत्यासमोर धरलं. तिनं मूठ भरली, कपाळाला लावली आणि म्हणाली, "नानाचं मीठ खाल्लंय. मत त्याचंच." ताट पुढं गेलं. कुंपणावरचे चार जण होते त्यांनीही मुठी भरल्या. मी माझ्या वहीत त्यांच्यापुढच्या गोल खुणा खोडून बरोबरच्या खुणा केल्या.

त्यानंतर चार दिवसांत आत्याचे पाय सुजले. आडवं झालं की जीव गुदमरे, म्हणून ती भिंतीला टेकून बसून रात्र काढायची. बा-माय तेव्हा मेंढरांबरोबर लांब होते. मीच तिला अंबाजोगाईला नेलं. हृदय मोठं झालंय, छातीत पाणी साठलंय, असं डॉक्टरांनी सांगितलं. नाकाला ऑक्सिजनची नळी लावली, सुयांनी पाणी उतरवायला सुरुवात केली आणि मला बजावलं, "यांना खाटेवरून उठू द्यायचं नाही. संडासलाही नाही." मी वसतिगृहातून पांघरूण आणलं आणि तिच्या खाटेखाली झोपू लागले.

यादीची पक्की प्रत अजून राहिली होती. ती मी तिथंच केली, तिच्या पायथ्याशी बसून. वॉर्डात फिनेलचा वास होता, शेजारच्या खाटेवरची म्हातारी सारखी कुणाला तरी हाका मारत होती, आणि मी एकेक नाव सुंदर अक्षरात उतरवत होते. आत्या बघत होती.

"माझ्याम्होरं काय लिहिलंस?"

"दवाखान्यात हाय, येणार न्हाई, असं."

"खोड ते."

"आत्या, डॉक्टर उठू देत न्हाईत."

"भंडार उचललाय मी. तू देवाला सांगणार हायस का, डाक्टर उठू देत न्हाई म्हणून? खोड."

मी खोडलं नाही. तिला दाखवायला पेन्सिल कागदावर फिरवली, एवढंच. माझा विचार साधा होता. 'येणार नाही' लिहिलं की तिला न्यायला कुणी गाडी पाठवणार नाही आणि ती वाचेल. तिच्या नावापुढं आधीचंच राहिलं: 'अंबाजोगाई, दवाखान्यात, येणार नाही.' दुसऱ्या दिवशी दिगूदादा येऊन वही घेऊन गेला. गावात ती कुणाकुणाच्या हातात गेली ते मला माहीत नाही. ज्यांच्या हातात गेली त्यांना मात्र वॉर्डातलं कोणतं नाव दिवसभर मोकळं राहणार आहे ते माझ्या अक्षरात स्वच्छ वाचता आलं असणार.

मतदानाच्या दिवशी सकाळी दिगूदादा जीप घेऊन दवाखान्याच्या दारात उभा. मी चिडलेच. "यादीत लिहिलंय ना, येणार न्हाई म्हणून?"

"ती यादी माझ्याकडं कुठं हाय? ती आत नानांच्या पोरांकडं हाय. मला नाना म्हणाले, जेवढी आपली भंडारवाली हायेत तेवढी उचलून आण. चुरस हाय, सुमे."

"तिला श्वास घेता येत न्हाई."

"मग न्हाई म्हणावं आत्यानंच. मी कुठं वढून नेतोय?"

हे त्यानं मुद्दाम तिच्या कानावर जाईल असं म्हटलं. आत्या तोवर उठून बसली होती आणि नाकातली नळी हातानं काढत होती. डॉक्टर आले, माझ्याच वयाचे असतील, रात्रपाळीनं डोळे लाल झालेले. त्यांनी समजावलं, मग ओरडले, मग हात टेकले. एक कागद पुढं केला. रुग्णाला स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत, काही बरंवाईट झाल्यास दवाखाना जबाबदार नाही. नातेवाइकाची सही. आत्याला सही येत नव्हती, दिगूदादा मागं सरला. आमच्या घरात सही येणारी मी एकटीच होते. मी सही केली. पुढची दोन वाक्यं मी आत्तापर्यंत चार वेळा लिहून खोडली आहेत. मी नाही म्हणू शकले असते. सही नसती तर त्यांनी तिला सोडलं नसतं.

केज, नेकनूर, मग आतला रस्ता. जीपच्या मागच्या सीटवर तिला माझ्या छातीला टेकवून बसवलं होतं. खड्डा आला की तिच्या घशातून बारीक शिट्टी वाजे. ओठ जांभळे झाले होते. मध्ये एकदा गाडी थांबवून दिगूदादानं तिला चहा आणला. तिनं बशीतला एक घोट घेतला आणि त्याला म्हणाली, "तू लहान असताना माझ्या पाठीवर बसून गाव हिंडलास. आज फिटलं बघ." तो हसला, पण नंतर त्यानं गाडी हळू चालवली.

केंद्र माझ्याच शाळेत होतं. दुपार कलली होती, रांग नव्हती. दिगूदादानं आणि मी तिला दोन्हीकडून धरून पायऱ्या चढवल्या आणि वर्गातल्या खुर्चीवर बसवलं. तिची मतदार-चिठ्ठी वाचून कर्मचाऱ्यानं यादीवर बोट फिरवलं, थांबला, पुन्हा फिरवलं.

"आजी, तुमचं मत झालंय."

आत्याला आधी समजलं नाही. समजलं तेव्हा तिनं डावा हात टेबलावर पालथा ठेवला आणि तर्जनी पुढं केली. "बघा की. शाई कुठं हाय? मी आत्ता दवाखान्यातनं येतेय."

बोट कोरं होतं. नखाभोवती फक्त सुयांच्या पट्टीचा डिंक होता. मतदान प्रतिनिधी म्हणून बाकावर नानांचा पुतण्या बसला होता, तो खिडकीबाहेर बघू लागला. समोरच्या पॅनलचा माणूसही गप्प राहिला, आणि तेव्हाच मला कळलं की त्यांच्याही यादीत अशी नावं असणार. सकाळी तोंडावर पदर घेतलेल्या काही बायका शेजारच्या गावातून आल्या होत्या, हे मला पुढं वस्तीवरच्या बायकांकडून कळलं. त्यातल्याच एकीनं गिरजाआत्या होऊन बटण दाबलं होतं. मतही नानांनाच दिलं होतं.

केंद्राध्यक्ष पाटबंधारे खात्यातले एक साधे गृहस्थ होते. त्यांनी मला जवळ बोलावलं, शिकलेली दिसते म्हणून. हलक्या आवाजात म्हणाले, "यांची ओळख पटली तर मी यांना वेगळी मतपत्रिका देऊ शकतो. तसा नियम आहे. ती पाकिटात बंद करून ठेवतात. मोजणीत सहसा धरत नाहीत, पण यांच्या नावावर दुसऱ्यानं मत दिलं याची नोंद राहते. तुम्ही म्हणाल तसं करू."

मी तो नियम वाचलेला होता. परीक्षेला टिपा लिहा म्हणून आला होता. पुढं शिक्षिका झाल्यावर निवडणुकीच्या ड्युटीत ते फॉर्म दरवेळी माझ्या पिशवीत असत, आणि बहुतेक वेळा कोरेच परत जात. लोक मागत नाहीत, कारण कुणी त्यांना सांगत नाही.

मी विचार करायला बाहेर आले तर नाना लिंबाखाली उभे होते. शंभर मीटरच्या रेघेच्या आत त्यांनी उभं राहायचं नव्हतं, पण ते कोण सांगणार.

"आत्याला घेऊन जा आता. दमलीय ती."

"नाना, साहेब म्हणतेत वेगळं मत देता येतं."

"येतं की." ते शांतपणे बोलत होते, बी-बियाणं समजावून सांगावं तसं. "मग लिहावं लागतं की आधीचं खोटं हुतं. मग ईचारतेत, ती आजारी हाय हे कुणाला ठावं हुतं. मग वही निघती. अक्षर कुणाचं हाय त्यातलं?"

मी वळून केंद्राच्या दाराकडं बघितलं.

"भेव घालत न्हाई मी तुला. माझ्या लेकीसारखी हायस. तुझं अजून एक वरीस राहिलंय, ते नीट कर. म्हातारीला काय, तू सांगशील ते पटतंय."

आत गेले तेव्हा आत्या तशीच बसली होती, बोट पुढं करून, जणू ते खाली घेतलं तर पुरावा जाईल. खुर्चीच्या दांड्याला तिनं उजवा हात घट्ट धरला होता. "मी उठत न्हाई," ती म्हणाली. "मत दिल्याशिवाय उठत न्हाई. सुमे, सायेब काय म्हणाला? काय तरी असंल की कायद्यात. तू वाचतीस ना?"

केंद्राध्यक्ष माझ्याकडं बघत होते. नानांचा पुतण्या आता खिडकीबाहेर बघत नव्हता.

"न्हाई आत्या," मी म्हणाले. "एकदा नाव लागलं की झालं. कायद्यात काही न्हाई."

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. इतर कुणी सांगितलं असतं तर ती हलली नसती, मग तो सरपंच असो की साहेब. तिनं दांडा सोडला आणि उभं राहायला माझ्या खांद्यावर हात ठेवला. केंद्राध्यक्षांनी समोरची फाईल मिटली. त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. त्यांनी मला विचारलं होतं.

परत दवाखान्यात पोचेपर्यंत अंधार पडला. तिला पुन्हा नळी लावली. ती नवव्या दिवशी गेली. प्रवासामुळं गेली का, हे डॉक्टरांनी म्हटलं नाही आणि मी विचारलं नाही. नानांचं पॅनल आलं होतं आणि आमच्या वॉर्डातली जागा अशा फरकानं आली होती की आत्याच्या नावावरचं खोटं मत वजा केलं असतं किंवा खरं मिळवलं असतं, तरी काही बिघडलं नसतं. वसतिगृहातली माझी खाट तशीच राहिली. मी पहिल्या वर्गात पास झाले.

पण त्या नऊ दिवसांतलं मला जे लिहायचं आहे ते वेगळंच आहे. आत्या देवाला घाबरलेली होती. शब्द मोडला, आता मेंढरांवर येईल, बावर येईल, असं तिला वाटे, आणि त्यातून सुटायला तिच्याकडं एकच आधार होता. वस्तीवरचं कुणी भेटायला आलं की ती नळी थोडी बाजूला करून सांगायची, "मी गेलते. बोट दाखवलं. सुमीनं सायबाला समदं ईचारलं. कायद्यातच न्हाई, तर पोर काय करंल? देवालाबी कळंल ते." आलेली माणसं मान डोलवत. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला तर तिनं ते दोनदा सांगितलं. सांगताना माझ्याकडं हात करी, आणि त्या हातात अभिमान असे. मी फुलपात्र भरायला नळावर जाई.

सातव्या दिवशी ते तरुण डॉक्टर तिची नाडी बघत होते तेव्हा तिनं त्यांनाही सांगायला घेतलं. ते ऐकता ऐकता म्हणाले, "असं कसं, आजी? नियम आहे की. दुसऱ्यानं मत दिलं असेल तर वेगळा कागद देतात. आमच्या गावात दिला होता एकाला."

आत्या त्यांच्यावर रागावली. इतका दम तिच्यात कुठून आला कोण जाणे. "तुमी दवापाण्याचं शिकलाव," ती म्हणाली. "तिचा ईषयच त्यो हाय. ईचारा तिलाच."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. आत्याही बघत होती.

"नाही सर," मी म्हणाले. "आता तसा नियम नाही."

आत्यानं डॉक्टरांकडं बघून मान हलवली, ऐकलंत ना, अशी. मग तिनं नाडी बघायला हात पुन्हा पुढं केला.